सोमवारचं गिऱ्हाईक

कोल्हापुरात सोमवारी दुकान उघडं दिसलं की लोक दोन तर्क करतात. एक तर दुकानदार परगावचा असणार, नाहीतर घरात बायकोशी वाजलेलं असणार. बाबालाल परगावचा नव्हता. त्याच्या बापाचं, आज्याचं सगळं आयुष्य शहराला लागून असलेल्या उचगावातच गेलं होतं. आणि वाजायला बायको उरली नव्हती. तरीही सोमवारी सकाळी त्याच्या सायकल दुकानाचं शटर कमरेइतकं वर व्हायचं. सगळं वर केलं तर पंक्चरवाले येतात, सगळं खाली ठेवलं तर ज्याची वाट बघायची तोच माघारी जातो, म्हणून कमरेइतकं.

वाट बघायची ती दत्तोपंतांची. दत्तोपंत म्हणजे शहरातल्या एका हायस्कुलातले भूगोलाचे निवृत्त शिक्षक. नाव जुन्या वळणाचं, पण माणूस साठीनंतर माउंटन बाइक घेऊन पन्हाळ्याच्या मागच्या उतारावरून भन्नाट खाली येणारा. सगळं जग त्यांना सर म्हणायचं, म्हणून बाबालालही सर म्हणायचा. सर त्याला मिस्त्री म्हणायचे. महिन्यातून एका सोमवारी सर सायकलीचा फोर्क दाखवायला यायचे, आणि बाबालालचा सगळा महिना त्या एका सकाळीभोवती फिरायचा.

एका गिऱ्हाइकासाठी माणूस महिनाभर थांबतो होय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्याला दिवसभरात ‘हवा मार’, ‘किती झालं’ आणि ‘लवकर कर की’ यापलीकडं चौथं वाक्य ऐकायला मिळत नाही, त्याला एकदा विचारून बघावं.

दुकानाच्या मागंच दोन खोल्यांचं घर होतं. बायको जरीना होती तोवर मधल्या दारातून तिचा आवाज यायचा. जेवायला या, डबा कुठं ठेवला, ते तेलाचे हात पडद्याला पुसू नका. बाबालाल वैतागायचा. “जरा गप की गं,” म्हणायचा. मग ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली आणि खरंच गप झाली. मूलबाळ नव्हतं. नेसरीला धाकटा भाऊ सासऱ्याची शेती बघायचा. ईदला तिकडं जाणं व्हायचं, दोन दिवस पुतण्यांचा दंगा, की परत एस.टी. धरून उचगाव. एकट्यापुरतं कालवण करायला बाबालालला शेवटपर्यंत जमलं नाही. करायला गेलं की दोघांचंच व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच तापवून खावं लागायचं. मधलं दार मात्र तो अजून उघडं ठेवायचा. का, ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं.

सरांची आणि त्याची ओळख झाली ती बाबालालच्या एका घोटाळ्यातून.

लॉकडाउननंतर शहरात गिअरच्या सायकलींचं पीक आलं. ज्यांनी कॉलेजनंतर पायडल बघितलं नव्हतं ती माणसं पहाटे जोतिबाच्या रस्त्याला दिसायला लागली. माउंटन बाइकला पुढं चाक धरणारा फोर्क असतो तो साधा नसतो. वरच्या दोन चकचकीत नळ्या खालच्या दोन जाड पायांत वरखाली सरकतात, आत हवा आणि थोडं तेल असतं, आणि त्यामुळं खड्ड्याचा दणका हाताला बसत नाही. बाबालालनं जन्मभर साध्या सायकली आणि अधूनमधून मोटारसायकली उघडल्या होत्या. सर पहिल्यांदा आले आणि म्हणाले, पुढून कुरकुरतंय, तेव्हा त्यानं मोटारसायकलचा हिशेब लावला. फोर्क म्हटलं की तेल. आणि कोल्हापुरी माणसाचा हात कशात आखडता असतो? मिसळीवर कट आणि फोर्कात तेल, दोन्ही काठोकाठ. त्यानं दोन्ही पाय गच्च भरून दिले. सर पन्हाळ्याला जाऊन आले तोवर फोर्क पहारीसारखा ताठ झाला होता.

दुसरा कुणी असता तर त्यानं रस्त्यात उभं राहून बाबालालच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. इथल्या रिवाजाला धरूनच झालं असतं ते, आणि बाबालालही तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर द्यायच्या तयारीत उभा होता. पण सरांनी सायकल भिंतीला टेकवली, पत्र्याचं स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाले, “मिस्त्री, चूक तुमची एकट्याची नाही. मलाही यातलं काही कळत नाही. दोघं मिळून उघडून बघू या का?”

भांडणाची तयारी फुकट गेल्यावर माणूस जसा गडबडतो तसा बाबालाल गडबडला. “बघू की,” तो म्हणाला. “पर आज गर्दी हाय. सोमवारी या. दुकान बंद असतंय, निवांत बघू.”

त्या सोमवारी दोघं शिकले. सर फोनवर फोर्कची माहितीपुस्तिका उघडून इंग्रजी वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि बाबालाल हातानं करायचा. आधी वरच्या टोपणातून हवा सोडायची. मग तळाचे बोल्ट सैल करायचे, पण पूर्ण काढायचे नाहीत, आणि त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीनं हलके ठोके द्यायचे. मग बोल्ट काढून खालचे पाय ओढले की अलगद हातात येतात. आतलं जुनं तेल गाळायचं, सगळं लख्ख पुसायचं, नळीभोवती धूळ अडवणाऱ्या सीलला बोटभर ग्रीस लावायचं, आतल्या स्पंजच्या रिंगा नव्या तेलात भिजवायच्या. शेवटी पायात तेल किती घालायचं ते सरांनी वाचलं, तेव्हा बाबालालला वाटलं वाचण्यात चूक झाली. चहाच्या कपाच्या तळाला राहतं तेवढंच.

“एवढं तर माझ्या हाताला लागून जातंय सर!”

सर पोट धरून हसले. त्या दुकानात कुणी इतक्या मोठ्यानं हसून बरीच वर्षं झाली होती.

तेव्हापासून सोमवार ठरला. खरं तर इतक्या वेळा मिस्त्रीकडं यायची गरज नसते. फिरून आल्यावर नळ्या मऊ कोरड्या फडक्यानं पुसायच्या, सीलच्या कडेची धूळ काढायची, धुताना तिथं पाण्याचा फवारा मारायचा नाही, डिझेल तर दाखवायचंही नाही. मधूनमधून सायकल थोडा वेळ उलटी ठेवायची, म्हणजे तळाचं तेल वर येऊन स्पंज भिजतो. हे घरच्या घरी कुणालाही जमतं. उघडून तेल बदलायचं ते वर्षातून दोन वेळा, पावसात फार फिरवली तर आणखी एकदा. हे दोघांनी पहिल्याच सोमवारी वाचलं होतं, आणि दोघांनीही त्याचा विषय पुन्हा काढला नाही.

सर भडंगाचा पुडा आणायचे, बाबालाल चहा टाकायचा. गुडघा अधू असल्यामुळं बाबालालला चढ चढणं शक्य नव्हतं. तो डोंगर सायकलीवरून ओळखायचा. सीलच्या कडेची माती बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा आणि म्हणायचा, “मसाईच्या पठारावर गेलतासा.” किंवा, “ही काळी हाय. नदीकाठाला उसात शिरलासा जणू.” बहुतेकदा बरोबर निघायचं. मग सर तिथलं सगळं सांगायचे, कुठं वारं होतं, कुठं म्हशी आडव्या आल्या, कुठं पडता पडता वाचलो. बाबालाल ऐकत फडकं फिरवत राहायचा.

सगळं जोडून झालं की शेवटचं एक काम उरायचं, आणि बाबालाल खरी वाट बघायचा ती त्याची. माणूस सायकलवर बसला की त्याच्या वजनानं फोर्क थोडा दबला पाहिजे. फार दबला तर हवा कमी, नीट दबलाच नाही तर हवा जास्त. किती दबला ते कळावं म्हणून नळीवर एक बारीक रबरी रिंग असते. ती खाली सीलला टेकवायची, माणसानं अलगद बसायचं, अलगद उतरायचं, आणि रिंग किती सरकली ते बघायचं. बाबालालनं सरांच्या नळीवर रंगाचा एक ठिपका केला होता. रिंग त्या ठिपक्याशी आली की हवा बरोबर. बसताना पाय जमिनीला टेकून चालत नाहीत, त्यामुळं आधार लागतो. सर बाबालालच्या खांद्यावर हात ठेवायचे. बाबालाल वाकून रिंगेकडं बघत राहायचा, आणि तेवढा वेळ त्याच्या खांद्यावर माणसाचा हात असायचा, जड आणि गरम. जरीना गेल्यापासून न्हाव्याखेरीज कुणाचा हात त्याच्या अंगाला लागला नव्हता. या कामाला भिंत चालते. बाकीच्या गिऱ्हाइकांना तो भिंतच दाखवायचा. सरांना त्यानं भिंतीचं कधी सांगितलं नाही.

यंदा गणपती उठले आणि फोर्क बिघडला.

“मिस्त्री, पुढून कडक लागतोय हो,” सर म्हणाले. बाबालालनं हवा मोजली. नेहमीइतकीच. सरांना बसवलं. रिंग ठिपक्याच्या अलीकडंच थांबली. हवा नेहमीची असून दबत नाही, म्हणजे दुखणं आतच असणार. त्यानं सील तपासलं, फोर्क उघडला, तेल बदललं, पुन्हा बसवलं. तीच तऱ्हा.

“पुढच्या सोमवारी परत बघू,” तो म्हणाला. महिन्यानं नव्हे, पुढच्या सोमवारी. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

पुढच्या सोमवारी त्यानं पंपावर संशय घेतला आणि काटा दुसऱ्या पंपाशी ताडून बघितला. दोन्ही काटे एकच सांगत होते. मग आली खंडेनवमी. हत्याराचा सण हत्यार चालवणाऱ्याचा, म्हणून बाबालालनं दरवर्षीप्रमाणं पान्यांना आणि हातोडीला झेंडू वाहिला. सरांनीही घरी सायकलीची पूजा केली, ती भूगोलाच्या शिक्षकाला शोभेल अशी सविस्तर. हळदीकुंकू थेट चकचकीत नळ्यांवर. त्यानंतरच्या सोमवारी सीलच्या कडेला कुंकवाचा लाल चिखल बघून बाबालालनं कपाळाला हात लावला.

“आवो सर, कुकू हँडलला लावायचं! नळीला कशापायी? सगळा कच आत गेला बघा.”

“देवाचं काम मिस्त्री, अर्धवट कसं करायचं?” सर म्हणाले, आणि स्टुलावर बसून पाणी मागून प्यायले.

बाबालालला वाटलं, सापडलं दुखणं. त्यानं सील बदललं. नळ्या इतक्या पुसल्या की त्यात तोंड दिसावं. सर बसले. रिंग ठिपक्यापासून मागच्यापेक्षाही लांब थांबली.

असे सोमवारामागून सोमवार गेले. बाबालाल फोर्कला तोंडानं शिव्या घालायचा आणि मनात दुवा द्यायचा. सर आता दर आठवड्याला यायचे. भडंग आणायचे, पण स्वतः दोन बकाणे भरून पुडा त्याच्याकडं सरकवायचे. डोंगराच्या गोष्टी कमी झाल्या होत्या. सीलवर मातीही फार नसायची. “हल्ली लवकर दमायला होतं,” असं ते एकदा म्हणाले, तर बाबालालनं दोष फोर्कला दिला. कडक फोर्कनं हात भरून येतातच. “सर, बारीक झालासा,” असंही तो एकदा म्हणाला होता, पण कौतुकानं. सरही खूश झाले होते. शेजारपाजारचेही तेच म्हणतात म्हणाले, सायकलनं पोट गेलं. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला बारीक म्हटलं की तो चौकशी करत नाही, मिरवतो.

दिवाळीनंतर सर सायकल ठेवूनच गेले. “सावकाश बघा. मला घाई नाही.”

गुरुवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. बाबालालच्या डोक्यात आलं, आपणच बसून बघू. फोर्कच्या पायावर वजनाप्रमाणं किती हवा भरायची त्याचा तक्ता चिकटवलेला असतो; पण त्यासाठी आपलं वजन माहीत पाहिजे. तो शेजारच्या आकारामच्या भंगाराच्या गोडाऊनात गेला आणि लोखंड मोजायच्या काट्यावर उभा राहिला. आकारामनं वजन सांगितलं, वर “कसल्या भावानं घालू?” असंही विचारलं. बाबालाल परत आला, तक्त्याप्रमाणं हवा भरली, भिंतीला हात टेकून सरांच्या सायकलवर बसला. उतरला. रिंग बरोबर ठिपक्याशी.

त्यानं परत करून बघितलं. परत ठिपक्याशी. फोर्क तलम चालत होता, नव्यासारखा. तो तसाच आकारामकडं गेला, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

“आकाराम, डोकं फिरायची येळ आली. फोर्क एकदम बेस हाय. मी बसलो की दबतोय, सर बसलं की दबत न्हाय.”

आकाराम तारेचं भेंडोळं तुडवत होता. त्यानं मान वर केली नाही. “मग गडी हलका झाला असंल की,” तो म्हणाला. “त्यात काय एवढं?”

बाबालाल जागच्या जागी उभा राहिला.

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण त्यानं दुसऱ्यांना हसायला आयुष्यात कितीदा वापरली होती. दोन महिने तो पखालीला सुया टोचत बसला होता. तेल बदललं, सील बदललं, पंप बदलला, कुंकवाला बोल लावला. बोटभर मातीवरून माणूस कुठल्या डोंगरावर जाऊन आला ते सांगणाऱ्या बाबालालला माणूस समोर बसून झिजतोय ते दिसलं नाही. आणि खांद्यावरचा तो हात! ज्या हाताची तो महिना महिना वाट बघायचा, तोही हलका झाला होता. आता आठवून बघताना त्याला ते स्पष्ट कळत होतं, आणि त्याला स्वतःचा राग येत होता.

राग ओसरला आणि भीती आली. सरांची एकुलती एक मुलगी अंतरा पुण्यात होती. सरांची पत्नी वारल्यापासून ती मागं लागली होती, पप्पा, इकडं या. सर हसत सांगायचे, “पुण्यात कुठं सायकल फिरवू? सिग्नलला?” आता डॉक्टर म्हटलं की अंतरा येणार, आणि अंतरा आली की सर जाणार. हे बाबालालला दोन आणि दोन चारसारखं दिसत होतं. सांगितलं तर सोमवार गेला. नाही सांगितलं तर काय जाईल, तेही दिसत होतं. फोन हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा खाली ठेवत राहिला. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवारही गेला.

आणि तिसरा एक रस्ता होता, तो सगळ्यांत सोपा. थोडी हवा सोडायची. एवढंच. हवा सोडली की फोर्क हलक्या माणसालाही नीट दबतो. फोर्क बरा झाला म्हणायचं. सर खूश, सोमवार शाबूत.

सोमवारी सर आले तेव्हा बाबालालनं हवा सोडून ठेवली होती. लाज वाटते पण तसंच आहे. सर बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाबालाल वाकला, पण त्याचं रिंगेकडं लक्ष नव्हतं. खांद्यावर पाखरू बसावं तेवढं वजन होतं.

“आली की हो ठिपक्याशी!” सर ओरडले. “मिस्त्री, जमलं! काय केलंत काय?”

“काय न्हाय. जरा सेटिंग केलं.”

“बघा, मी म्हणत होतो, तुम्ही सोडणार नाही.” सरांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता, आणि त्या फुललेल्या चेहऱ्यात गालाची हाडं वर आलेली बाबालालला पहिल्यांदा नीट दिसली. सरांनी हेल्मेट चढवलं. पट्टा हनुवटीखाली लोंबत राहिला. “आता महिन्यानं येतो मग,” म्हणत त्यांनी सायकल रस्त्यावर काढली.

बाबालालनं धावत जाऊन हँडल धरलं.

“सर, फोर्क बरा झाला न्हाय.”

“म्हणजे?”

“फोर्कला काय झालंच नव्हतं. मी नुसती हवा सोडली. तुमी हलकं झालायसा सर. लई हलकं झालायसा.”

सर हसायला गेले. “अहो, सायकल चालवतो मी. पोट गेलं.”

“पोट कुठलं? अर्धं माणूस गेलं!” बाबालालचा आवाज चढला. गल्लीत ऐकू जाईल इतका चढला. “पहिल्या सोमवारी तुमी ऐंशी किलो सांगितलं हुतं. चला आकारामच्या काट्यावर. आत्ताच्या आत्ता चला!”

सोमवार असल्यानं गोडाऊन बंद होतं, पण काटा बाहेर पत्र्याखाली होता आणि आकाराम तिथंच दात घासत उभा होता. गंजक्या पत्र्यांच्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या मध्ये सर काट्यावर चढले. आकारामनं वजन वाचलं आणि पहिल्यांदाच भावाचं विचारलं नाही. साठालासुद्धा काटा पोचला नव्हता.

सर बराच वेळ काट्याकडं बघत राहिले. मग खाली उतरून तिथल्याच एका मोडक्या खुर्चीवर बसले.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“बेस्तरवारी.”

“मग फोन का नाही केलात?”

खोटं सांगता आलं असतं. बाबालालनं मान खाली घातली. “भ्यालो. दवाखाना झाला की तुमी पुण्याला जाणार. मग माझं काय, असं आलं मनात.”

चूळ भरायला म्हणून आकाराम आत गेला तो बाहेर आलाच नाही. समोरच्या रस्त्यावरून एक रिकामा टेम्पो खडखडत गेला.

“मीही त्यालाच भ्यालो होतो,” सर म्हणाले. “कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली मिस्त्री. रक्त पडतं तेही माहीत होतं. वाटलं, कुणाला दिसत नाही तोवर ढकलू. सोमवारी इथं यायचं तेवढं चालू राहू दे.”

त्याच दिवशी बाबालाल त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. पुढचं सगळं भराभर झालं. तपासण्या झाल्या, अंतरा आली, तिनं बापाला बघून आधी रडून घेतलं आणि मग कामाला लागली. आतड्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोनतीन महिने असेच काढले असते तर आम्ही हात लावला नसता. अंतरानं हे बाबालालला फोनवर सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज फुटला. “काका, पप्पा आहेत ते तुमच्यामुळं आहेत,” ती म्हणाली.

“बरं होत्यात न्हवं? मग झालं ताई,” बाबालाल म्हणाला. मग धीर करून त्यानं विचारलं, “बरं झाल्यावर आणशीला की इकडं एकदा?”

“आता कुठलं हो काका? एकट्यानं नाही ठेवायचं त्यांना, ठरवलंय आम्ही. कोल्हापूरचं घरही देऊन टाकतोय.” तिनं ते प्रेमानंच सांगितलं. तिचं काही चुकत नव्हतं, आणि बाबालालला तिचा राग यावा असं काही तिनं केलंही नव्हतं. राग आला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा सायकल बांधायला तोच गेला. नळ्या पुसून त्यांना मऊ कापड गुंडाळलं, वर पुठ्ठा बांधला, आणि ड्रायव्हरला दोनदा बजावलं की यावर कपाट टाकलंस तर पुण्यात येऊन धरीन. ड्रायव्हर म्हणाला, “एवढी जपायला सोन्याची हाय व्हय ओ पावणं?” बाबालालनं त्याला शिवी दिली नाही, यावरून काय ते समजावं.

बाबालाल खूश होता. हे खोटं नाही. सर जगले, याचा त्याला खरोखर आनंद झाला होता, इतका की कुणाला तरी धरून सांगावासा वाटत होता. अडचण एवढीच होती, की असलं काही सांगायला त्याला जगात एकच माणूस होता, आणि तो पुण्याला गेला होता.

फाल्गुनातल्या एका सोमवारी सरांचा फोन आला. आवाज बारीक होता पण स्वच्छ होता.

“मिस्त्री, आज चार किलो वाढलो बघा!”

“माशाल्ला! खावा, प्या, टणटणीत व्हा. आता कुठलं पथ्य?”

सर हसले. मग म्हणाले, “आज सोमवार. एकटेच बसला असाल ना?”

कमरेइतक्या उघड्या शटरखालून रस्त्याचा जेवढा तुकडा दिसत होता त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. उचगाव सुट्टीला झोपलं होतं.

“कुठलं एकटं सर!” बाबालालनं आवाज चढवला. “तुमच्या त्या डोंगरावर सायकल मारणाऱ्या मंडळींनी डोकं उठवलंय. आता समदी सोमवारीच येत्यात. चार फोर्क उघडून पडल्यात, दोघं स्टुलासाठी भांडायलेत. बोलायला सवड न्हाय बघा.”

“खरंच?” सरांनी सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला. “बरं झालं. मला तुमची फार काळजी लागून राहिली होती हो. ठेवतो मग. करा तुम्ही काम.”

“व्हय, व्हय. ठेवा.”

फोन बंद झाला. अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.